लघवीचा आजार, पण दुर्बीण आतड्यात

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही सांगलीच्या गावभागातले. माझा धाकटा भाऊ 31 वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा त्याची लघवीची पिशवी पोटाबाहेर उघडी होती. चार वर्षांचा होईपर्यंत मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्याची ऑपरेशनं झाली. तेव्हापासून त्याला लघवी शौचाच्या वाटेनेच होते. पोटावर पिशवी नाही, नळी नाही. दिवसभर कोरडा असतो, रात्री एक-दोनदा उठतो. मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहितो. दहावीनंतर त्याला कुठल्याच डॉक्टरला दाखवलेलं नाही, कारण त्रासच नव्हता. मुंबईची फाइल 2019 च्या महापुरात भिजली. थोडी पानं उरलीत, पण शाई पसरलीय.

गेल्या महिन्यात थकवा वाटतो म्हणून इथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. सेंटरवर त्याला ‘लघवी दाटेपर्यंत पाणी पिऊन या’ म्हणून पुन्हा पुन्हा बाहेर बसवलं. तो लाजून काही बोलला नाही. शेवटी रिपोर्टवर ‘मूत्राशय दिसत नाही, बाकी नॉर्मल’ असं आलं. माझी नणंद नर्स आहे. ती म्हणाली, अशा पेशंटना पुढे कॅन्सर होऊ शकतो. तेव्हापासून माझी झोप उडालीय. कुणी म्हणतं पेट स्कॅन करा, कुणी म्हणतं रक्तातला कॅन्सरचा मार्कर बघा. मामा म्हणतात, सांगलीची हळद रोज दुधातून द्या, कॅन्सर जवळ फिरकणार नाही. आई म्हणते, मुली बघायला सुरुवात केलीय, आता कॅन्सरचा कागद घरात नको. लघवीच्या डॉक्टरांकडे न्यायचं की कॅन्सरच्या? आणि माझ्या मुलांनाही तपासायचं का?
— एक बहीण, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात कॅन्सर पुन्हा पुन्हा आलाय आणि थकवा एकदाच. मी थकव्यापासून सुरुवात करतो. थकव्याच्या तपासण्या याच आठवड्यात करायच्या आहेत. कॅन्सरची तपासणी येत्या महिन्या-दोन महिन्यांत झाली तरी चालेल.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून त्याच्या दोन्ही मूत्रवाहिन्या, म्हणजे किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळ्या, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला जोडलेल्या असणार. या ऑपरेशनला युरेटेरोसिग्मॉइडोस्टॉमी म्हणतात. लघवी आतड्यात साठते आणि गुदद्वाराचा स्नायू ती धरून ठेवतो. गैरसोय अशी की आतडं मुळात पाणी आणि क्षार शोषून घेण्यासाठीच असतं. त्याला ही लघवी आहे हे कळत नाही. किडनीने बाहेर टाकलेलं क्लोराइड आणि आम्ल ते परत रक्तात ओढतं, आणि आम्ल मारणारं बायकार्बोनेट नि पोटॅशियम शौचावाटे निघून जातं. रक्तात आम्ल वाढत जातं. माणूस थकतो, भूक मंदावते, तहान जास्त लागते, जरा चाललं की दम लागतो. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर हाडांतला चुना कमी होतो. म्हणून यातले बरेच जण सोडा बायकार्बोनेटच्या गोळ्या कायम घेतात. लहानपणी त्याला अशा गोळ्या होत्या का आणि त्या कुणी, कधी बंद केल्या, हे आईंना विचारा. पुष्कळ घरांत उत्तर एकच असतं : गोळ्या संपल्या, मुलगा खेळत होता, मग पुन्हा आणल्याच नाहीत.

तर आधी रक्त द्या. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते यावरून कळतं), सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट आणि हिमोग्लोबिन. यातलं बायकार्बोनेट चिठ्ठीवर मुद्दाम लिहून घ्या. नेहमीच्या ‘किडनी प्रोफाइल’मध्ये ते बऱ्याचदा नसतं, आणि त्याच्याविना बाकीच्या आकड्यांचा अर्थ अर्धाच लागतो. मात्र रिपोर्ट यायच्या आधी घरचा खायचा सोडा पाण्यातून द्यायला लागू नका. पोटॅशियम आधीच कमी असताना नुसता सोडा दिला तर ते आणखी खाली जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दोन्ही गोष्टी डॉक्टर बरोबरीने भरून काढतात. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यातही लोह कमी निघालं, तर खाली ज्या दुर्बिणीबद्दल लिहिलंय ती महिनाभर थांबवू नका.

आता कॅन्सर. तुमच्या नणंदबाई बरोबर बोलल्या, फक्त एक तुकडा राहिला. भीती लघवीच्या पिशवीची नसून आतड्याची आहे, आणि आतड्यातही नेमक्या त्या ठिकाणाची जिथे मूत्रवाहिनी टाके घालून जोडली आहे. सोनोग्राफीवाल्याने जिथे शोधलं तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं, आणि जिथे शोधायला हवं होतं तिथे सोनोग्राफीची नजर पोचत नाही.

या ऑपरेशनचा इतिहास मोठा आहे. तुमच्या भावासारखाच आजार असलेल्या एका मुलाच्या मूत्रवाहिन्या आतड्याकडे वळवण्याचा प्रयोग लंडनच्या जॉन सायमन यांनी केला, त्याची नोंद 1852 साली छापली गेली. पुढे कित्येक दशकं लघवीची वाट बदलायची तर हाच मुख्य रस्ता होता. 1950 मध्ये अमेरिकेतल्या ब्रिकर यांनी लहान आतड्याचा तुकडा वापरून पोटावर पिशवी लावायची पद्धत रूढ केली, तेव्हा ही जोडणी मागे पडली. आपल्याकडे मात्र ती नंतरही होत राहिली, आणि त्यामागे कारण होतं. पोटावरच्या पिशव्या महाग, तालुक्याच्या गावात मिळत नसत, उन्हाळ्यात चिकटत नसत. पिशवी लावलेल्या मुलाला शाळेत बसू देतील की नाही याची आईबापांना धास्ती असायची. या ऑपरेशननंतर मूल कोरडं राहायचं, चड्डी घालून चारचौघांत जायचं. तुमचा भाऊ आज अडत दुकानात बसून हिशेब लिहितो, तो याच जोडणीच्या जोरावर. तेव्हाच्या सर्जननी काही चुकीचं केलं असं मनात आणू नका.

अशा जोडाजवळ आतड्याचा कॅन्सर झाल्याची पहिली नोंद 1929 सालची आहे. त्यानंतर जगभरातून तशा नोंदी येत गेल्या आणि एक ठरावीक चित्र दिसू लागलं : ऑपरेशन लहानपणी झालेलं, मधे वीस-पंचवीस वर्षं काही त्रास नाही, आणि मग तिशी-चाळिशीत गाठ. ज्या वयात आतड्याच्या कॅन्सरचा कुणी विचारही करत नाही त्या वयात. कारणाचा शोध घेताना उंदरांवर प्रयोग झाले. त्यातून दिसलं की लघवी आणि शौच यांचा संगम जोडापाशी होतो, तो खरा कळीचा मुद्दा. लघवीतल्या नायट्रेटवर शौचातले जिवाणू काम करतात आणि त्यातून नायट्रोसअमाइन नावाची कॅन्सरकारक द्रव्यं तयार होतात. त्यात टाक्यांच्या जागेची वर्षानुवर्षांची धुसफूस. साधारण माणसाच्या तुलनेत धोका कित्येक पटींनी जास्त असतो, आणि तरीही असं ऑपरेशन झालेल्या बहुतेकांना हा कॅन्सर होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. रात्री झोप लागत नसेल तर दुसरी आठवा, आणि तपासणीची तारीख चुकवावीशी वाटली तर पहिली.

तपासणी फायद्याची ठरते ती या कॅन्सरच्या चालीमुळे. तो एका रात्रीत उगवत नाही. आधी बहुधा जोडाजवळ मोड येतो, त्याला पॉलिप म्हणतात. तो वर्षानुवर्षं तिथे असू शकतो. तेव्हाच दिसला आणि काढला तर पुढचं टळतं. म्हणून ब्रिटनमधल्या पोटविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत अशा जोडणीनंतर 10 वर्षांनी सुरुवात करून दरवर्षी आतड्याच्या शेवटच्या भागाची दुर्बिणीने तपासणी करावी, असं सांगितलं आहे. तुमच्या भावाच्या जोडणीला 27 वर्षं होऊन गेली. हिशेबाने पहिली तपासणी तो चौदाचा असताना व्हायला हवी होती, आणि त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच तुम्ही दवाखाना सोडलात. हा तुमचा दोष नाही. लहान मुलांचे सर्जन मूल मोठं झालं की निरोप देतात, आणि मोठ्यांचे डॉक्टर हे ऑपरेशन फक्त पुस्तकात वाचलेले असतात. मधल्या खड्ड्यात हे पेशंट वर्षानुवर्षं पडून राहतात. मला या साऱ्या प्रकरणात राग येतो तो याचाच.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : लघवीचे डॉक्टर हवेत, कॅन्सरचे सध्या नकोत, आणि पहिली भेट पोटविकारतज्ज्ञांची, जे मोठ्या आतड्याची दुर्बीण करतात. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. 1894 साली मिशन हॉस्पिटल उभं राहिलेल्या मिरजेत आज सरकारी मेडिकल कॉलेज आहे, खासगी दवाखाने गल्लोगल्ली आहेत, सीमेपलीकडून कर्नाटकातले पेशंट तिथे येतात. सांगली-मिरजेत ही तपासणी रोजची आहे. रोजचा नाही तो तुमचा भाऊ. म्हणून टेबलावर झोपायच्या आधी डॉक्टरांशी बोलणं झालंच पाहिजे, आणि ते तुम्ही मागून घ्या.

काय बोलायचं? पहिलं, मूत्रवाहिनीचं तोंड आतड्यात उघडतं तिथे बऱ्याचदा बारीकसा उंचवटा असतो. नवख्या नजरेला तो हुबेहूब पॉलिप वाटतो. पॉलिप समजून तारेच्या फासाने तो कापला तर मूत्रवाहिनीचं तोंडच जातं : गळती, आकसणं, किडनी सुजणं. जोडाजवळ काही दिसलं तर आधी चिमटीएवढा तुकडा तपासणीला पाठवायचा, काढायचं की नाही ते मूत्रविकारतज्ज्ञांशी बोलून ठरवायचं, हे आधीच ठरू द्या. दुसरं, पोट साफ करायच्या औषधाने कुणाचंही पाणी जातं, पण त्याचे क्षार आधीच डळमळीत आहेत. फॉस्फेटचं औषध नको, पॉलिइथिलिन ग्लायकॉलचं चालतं, आणि त्या दिवशी पाणी-क्षार भरून काढायचं नियोजन हवं. क्रिएटिनिन-पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट हातात असल्याशिवाय ते औषध सुरूच करू नका. तिसरं, एनिमा. खालून जोराने पाणी चढवलं तर शौचासकट घाण मूत्रवाहिन्यांतून थेट किडनीकडे जाऊ शकते आणि थंडी वाजून सणसणीत ताप येतो. एनिमा सिस्टर देतात, डॉक्टर नव्हे. त्यामुळे ‘याला एनिमा विचारल्याशिवाय नाही’ हे केसपेपरवर वरच्या बाजूला ठळक लिहून घ्या. आधी प्रतिजैविक द्यायचं का, हेही विचारा.

पहिल्या वेळी मी पूर्ण मोठं आतडं बघायला सांगेन. जोड नक्की कुठे आहे हे आपल्याला माहीत नाही, आणि एकदा नकाशा मिळाला की पुढच्या वर्षीपासून शेवटच्या भागापुरती छोटी दुर्बीण पुरते. रिपोर्टमध्ये दोन्ही जोड दिसले का, गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर, आणि त्यांचे फोटो, हे मागा. ‘कोलोनोस्कोपी नॉर्मल’ एवढ्या दोन शब्दांचा रिपोर्ट त्याच्यासाठी निरुपयोगी आहे. पुढच्या वर्षी कुणी ‘हा उंचवटा नवा आहे का?’ असं विचारलं, तर उत्तर त्या फोटोंतच असणार.

लघवीच्या डॉक्टरांचं काम वेगळं. सोनोग्राफीला मी नावं ठेवली, पण किडन्यांसाठी ती उत्तम. रिपोर्टमधलं ‘बाकी नॉर्मल’ म्हणजे काय ते विचारून घ्या : दोन्ही किडन्यांची लांबी लिहिली आहे का, त्यांत पाणी साठलंय का. पुढे कधी एका बाजूची किडनी फुगलेली दिसली तर जोड आकसला असेल किंवा तिथे गाठ असेल. काही पेशंटमध्ये गाठीचा पहिला सुगावा असाच लागतो. क्रिएटिनिन ठीक असेल तर रंगद्रव्य देऊन एक सीटी स्कॅन करावा. मूत्रवाहिन्या कुठे गेल्या आहेत आणि जुनी पिशवी काढली की आत तशीच ठेवली, हे त्यात कळेल. हा दुसरा प्रश्न क्षुल्लक नाही. जन्मतः उघडी असलेली पिशवी शरीरात राहिली असेल तर तिच्याही अस्तरात कॅन्सरचा धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त असतो, मग तिच्यावर वेगळी नजर हवी. काढून टाकली असेल तर विषय मिटला. आणखी एक : पुढे कधी कुणी जोड सोडवून लघवी पोटावरच्या पिशवीकडे वळवली, तरी आतड्यात उरलेल्या जोडाच्या जागेचा धोका संपत नाही. ती जागा काढली नसेल तर दुर्बीण चालूच.

आता पेट स्कॅन. हा सल्ला ज्यांनी दिला त्यांचा हेतू चांगला असेल, पण तुमच्या भावासाठी ही तपासणी घोटाळ्याची आहे. त्यात शिरेतून किरणोत्सारी साखर देतात आणि ती जिथे जास्त जमते ती जागा पडद्यावर चमकते. ही साखर लघवीतून बाहेर पडते. त्याची लघवी जाते कुठे? त्याच आतड्यात, त्याच जोडावरून. म्हणजे काहीही आजार नसताना नेमकी तीच जागा दिव्यासारखी उजळणार, आणि ‘गाठीची शंका’ असं लिहिलेला रिपोर्ट घेऊन तुम्ही रडत बसणार. रक्तातला मार्कर, ज्याला सीईए म्हणतात, तो सुरुवातीच्या टप्प्यात बहुधा नॉर्मलच असतो. कॅन्सर सिद्ध झालेल्या माणसाच्या उपचारावर नजर ठेवायला तो बरा, शोधायला नाही. लघवीतल्या पेशींची तपासणी इथे लागूच नाही, कारण लघवी वेगळी मिळतच नाही. हळदीबद्दल मामांशी वाद घालू नका. सांगलीची हळद आम्हीही अभिमानाने पाहुण्यांना देतो. दूध-हळद प्यावी. प्याल्यावर दुर्बिणीची तारीख घ्यावी.

दुर्बिणीच्या तारखेची वाट न बघता डॉक्टर गाठायचा तो केव्हा? शौचातून रक्त दिसलं, पोट साफ होण्याची रीत बदलली, कुशीत दुखू लागलं, थंडी वाजून ताप आला, तेव्हा. मूळव्याध समजून मलम लावत बसायची सूट त्याला नाही. आणि जुलाब-उलट्या झाल्या तर इतरांसारखं ‘उद्या बघू’ करू नये. त्याचं पोटॅशियम फार लवकर घसरतं.

फाइलीबद्दल. शाई पसरलेली पानं टाकू नका. खिडकीजवळ तिरप्या उजेडात मोबाइलवर फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवला तर टाइप केलेलं बरंच वाचता येतं. भरतीचा नंबर, ऑपरेशनची तारीख, युनिटच्या सर्जनचं नाव, यातलं एक जरी मिळालं तरी मुंबईच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करता येतो. नियम काय आहे तेही सांगतो, म्हणजे फुकाची आशा राहणार नाही. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार भरती झालेल्या पेशंटचे कागद डॉक्टरने किमान 3 वर्षं ठेवायचे आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात. 27 वर्षांपूर्वीचे कागद ठेवायची सक्ती कुणावर नाही. पण मोठ्या हॉस्पिटलांची ऑपरेशनची रजिस्टरं कधी कधी निघतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसने एकदा जाऊन या, हाती नाही लागलं तर सोडून द्या. सीटी आणि दुर्बीण मिळून जवळपास सगळं सांगतील. तोवर त्याच्या पाकिटात एक चिठ्ठी राहू दे :

‘जन्मतः ब्लॅडर एक्स्ट्रॉफी (लघवीची पिशवी पोटाबाहेर उघडी). बालपणी मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडल्या आहेत. लघवी गुदद्वारातून होते. लघवीची नळी घालण्याचा प्रयत्न करू नये. एनिमा विचारल्याशिवाय देऊ नये. क्षार व बायकार्बोनेट तपासावे. आतड्यातला उंचवटा विचारल्याशिवाय कापू नये.’

उद्या रस्त्यावर अपघात होऊन तो बेशुद्ध आला, तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला हे सांगायला दुसरं कुणी नसेल. हाच कागद दाखवला असता तर सोनोग्राफीच्या बाकावर पोट फुगेस्तोवर पाणी पीत बसायची वेळही आली नसती. औषधांच्या बाबतीतही चिठ्ठी कामाला येते : लघवीतून बाहेर पडणारी काही औषधं त्याच्या आतड्यात परत शोषली जातात आणि अंगात साचतात, तेव्हा कुठलंही नवं औषध घेताना ती दाखवावी.

आता अवघड गोष्ट. ताई, पत्र तुम्ही लिहिलंय, नणंदबाई बोलल्यात, मामांनी सल्ला दिलाय, आईंनी निर्णय घेतलाय. ज्याचं शरीर आहे तो या साऱ्यात एका जागी दिसला, सोनोग्राफीच्या बाकावर, आणि तिथेही गप्प. एकतीस वर्षांचा, दुसऱ्याच्या लाखांचा हिशेब सांभाळणारा माणूस आहे तो. हे सगळं त्याला सांगा, आणि तपासणीला जायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. शक्य असेल तर डॉक्टरांच्या खोलीत त्याला एकट्याला बसू द्या. त्याला असे प्रश्न असतील जे तो तुमच्यासमोर कधीच विचारणार नाही. ते मला पत्राने कळवायचे असतील तरी हरकत नाही, नाव छापणार नाही.

आईंना सांगा, दरवर्षीची दुर्बीण म्हणजे कॅन्सरचा कागद नव्हे. तो न झाल्याचा कागद. आणि मुलीकडच्यांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. लपवू नका. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळणारी गोष्ट आहे ही. तेव्हा कळली तर मुलीला आजाराचा नाही, फसवणुकीचा त्रास होईल. साखरपुड्याच्या आधी त्याने स्वतः मुलीशी बोलावं, वडीलधाऱ्यांनी मध्यस्थाच्या कानात कुजबुजून नव्हे. एक्स्ट्रॉफी असलेल्या पुरुषांचं वैवाहिक जीवन बहुतेक वेळा होऊ शकतं, पण मूल होण्यात अडचण येते, कारण लहानपणीच्या ऑपरेशनांत वीर्याची वाट बदललेली असते. लग्न ठरण्याआधी मूत्रविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्या. वीर्य तपासणीचा एक रिपोर्ट शंभर तर्कांपेक्षा बरा.

खर्चाबद्दल थोडक्यात. दुर्बीण कुठे किती पैशांत होते ते आधी फोन करून विचारा, दर वेगवेगळे असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, ओळखीच्या माणसाला नको.

हे सदर वाचणारे आणखी काही जण असतील ज्यांची पिशवी आतड्याचा तुकडा लावून मोठी केली आहे, किंवा जे बेंबीतल्या छिद्रातून नळी घालून लघवी काढतात. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे बऱ्याच मुलांवर ही ऑपरेशनं होतात. त्यांनी वरची सगळी भीती जशीच्या तशी अंगावर घेऊ नये. त्यांच्यात लघवी आणि शौच एकत्र येत नाहीत, कॅन्सर झालाच तर बहुधा 10 वर्षं उलटून गेल्यावर, आणि दरवर्षी सरसकट दुर्बीण घालावी का यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. माझं मत : लघवीतून रक्त आलं, ओटीपोटात सतत दुखू लागलं, किंवा आधी वर्षात एकदा होणारा जंतुसंसर्ग आता महिन्या-महिन्याला होऊ लागला, तर दुर्बीण लगेच. तसं काही नसेल तर वर्षाला किडनीची सोनोग्राफी, क्रिएटिनिन, बायकार्बोनेट, आणि लहान आतडं वापरलं असेल तर बी-12. लघवीच्या साध्या तपासणीत पू आणि जंतू त्यांना कायमच दिसणार. त्रास नसताना त्यासाठी प्रतिजैविकांचे कोर्स घेत बसू नये. रोजच्या आयुष्यात त्यांना कॅन्सरपेक्षा मुतखडे आणि पिशवी फुटणं जास्त छळतं. एकाएकी पोट दुखून फुगलं तर ती रात्र घरी काढायची नाही. ज्यांना वर्षानुवर्षं नळी कायमची ठेवलेली आहे, त्यांच्या पिशवीच्या अस्तराला सततच्या घर्षणाने वेगळ्या जातीचा कॅन्सर होऊ शकतो. त्यांनीही लघवीतलं रक्त ‘नळी टोचली असेल’ म्हणून सोडू नये. आणि या सगळ्यांनी बिडी-सिगारेट सोडावी. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यांत मोठं ज्ञात कारण तेच आहे, पिशवी जन्मतः चांगली असो की नसो. तुमचा भाऊ ओढतो का, हे तुम्ही लिहिलं नाही.

तुमच्या मुलांबद्दल. हा आजार साधारण 30 ते 50 हजार जन्मांमागे एखाद्याला होतो. ज्याला स्वतःला तो आहे त्याच्या मुलांत ही शक्यता वाढते, साधारण 70 मागे एक धरतात, म्हणून भावाच्या घरी गरोदरपण आलं तर पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाची लघवीची पिशवी भरलेली दिसते का हे मुद्दाम बघायला सांगायचं. तुमची मुलं जन्मली तेव्हा बेंबीखालचं पोट बंद होतं ना? मग त्यांना कसलीही तपासणी नको.